डोक्यावर काच बसवताना

कोकणातल्या जुन्या घरांत मंगलोरी कौलांच्या रांगेत मधेच एखादं काचेचं कौल असायचं. त्यातून माजघरात उजेड उतरायचा. ते फुटलं की गडी शिडी लावून चढायचा, दुसरं सरकवायचा, की विषय संपला. आता आपण रो हाऊसच्या मागच्या जागेवर, बंगल्याच्या चौकावर किंवा गच्चीच्या एका कोपऱ्यावर अख्खं छप्परच काचेचं करतो. खाली कुंड्या ठेवतो, जेवणाचं टेबल मांडतो, नातवंडं तिथेच खेळतात. या छपराचं एकेक तावदान पन्नास-साठ किलोंचं असतं.

खिडकीची काच फुटली तर बहुतेक वेळा पायाशी पडते. छपराची काच डोक्यावर येते. म्हणून या कामात पहिल्या मोजमापापासून शेवटच्या सिलिकॉनपर्यंत एकच प्रश्न विचारत राहायचा: हे तावदान फुटलं, सुटलं किंवा वाऱ्यानं उचललं, तर खाली बसलेल्या माणसाचं काय?

काच आपण स्वतः चढवायची नाही. ते काम अनुभवी फॅब्रिकेटरचं आणि त्याच्या माणसांचं आहे. पण तो कुठे घाई करतोय, कुठे पैसे वाचवतोय आणि कुठे ‘साहेब, काही होत नाही’ म्हणतोय, हे आपल्याला कळायला हवं.

समजण्यासाठी एक उदाहरण धरू. पुण्यातल्या एका रो हाऊसच्या मागे ४ मीटर रुंद आणि भिंतीपासून २.४ मीटर पुढे येणारं छप्पर करायचं आहे. त्यात शेजारी शेजारी पाच तावदानं, प्रत्येक सुमारे ८० सेंमी रुंद.

१. आधी वर बघा, मग कागद बघा

जागेवर उभं राहून वर काय आहे ते बघा. माडाखाली काचेचं छप्पर नको; वरून येणाऱ्या नारळापुढे कुठल्याच घरगुती काचेची हमी देता येत नाही. वरच्या मजल्याच्या कठड्यावर कुंड्या असतील तर त्या आधी हलवा. माकडांचा वावर असलेल्या गावात ती छपरावर उड्या मारणार, हे गृहीतच धरा. अशा ठिकाणी तेवढ्या भागाला पॉलिकार्बोनेटची शीट लावणं शहाणपणाचं ठरतं.

गारपिटीचाही विचार करा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाला गारांनी झोडपलं होतं. नाशिक, मराठवाडा, विदर्भात हा धोका नवा नाही. साध्या काचेला तिथे छपरावर जागाच नाही.

जवळून विजेच्या तारा जात असतील तर काम सुरू होण्याआधी महावितरणशी बोला. लांब ॲल्युमिनियमचा सेक्शन वर उचलताना त्याचं टोक कुठे जातंय, याकडे खालच्या माणसाचं लक्ष नसतं.

मग परवानगी. डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिकेचं क्षेत्र वगळता राज्याच्या बहुतेक भागांत एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. घराभोवती नियमानं मोकळी सोडायची जागा, म्हणजे सामासिक अंतर, झाकलं तर ते अनधिकृत बांधकाम ठरू शकतं. गच्ची बंद केली तर चटईक्षेत्राचा प्रश्न येतो. वास्तुविशारदाला आधी विचारा, आणि सोसायटी असेल तर लेखी ना-हरकत पत्र घ्या.

२. काच कोणती, हे सगळ्यात आधी ठरवा

दुकानात गेलं की पहिलं उत्तर मिळतं, ‘टफन लावा, एक नंबर.’ इथेच सगळ्यात मोठी चूक होते.

टफन काच म्हणजे कडक केलेली काच. साधी काच भट्टीत सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. त्यामुळे तिचे बाहेरचे थर दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. फुटली की तिचे सुरीसारखे तुकडे न होता बारीक खडे होतात. दरवाजाला, शॉवरच्या पडद्याला ती उत्तमच.

छपरावर मात्र ती एकटी चालत नाही. फुटताक्षणी ती सगळीच्या सगळी खाली येते, आणि खडे सुटे होण्याआधी बरेचदा एकमेकांत अडकलेले मोठे गठ्ठे पडतात. तीन मीटरवरून असा गठ्ठा डोक्यावर पडला तर इजा होणारच. शिवाय काचेत निकेल सल्फाइडचा अतिसूक्ष्म कण राहिला, तर तो कालांतरानं फुगतो आणि काहीही न लागता काच एके दिवशी फुटते.

छपराला हवी लॅमिनेटेड काच. दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाचा पारदर्शक, चिवट थर घालून उष्णतेनं आणि दाबानं त्या चिकटवतात. मोटारीची पुढची काच अशीच असते. ती फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात आणि तावदान जागेवर टिकतं.

पण लॅमिनेटेडमधल्या दोन्ही काचा टफन असतील, आणि दोन्ही फुटल्या, तर त्या बारीक खड्यांत काही दम उरत नाही. तावदान ओल्या गोधडीसारखं झोळ देतं आणि चौकटीतून निसटू शकतं. त्यामुळे छपरासाठी हीट स्ट्रेंथन्ड काचेचं लॅमिनेट जास्त बरं. ही काच टफनपेक्षा सावकाश थंड केलेली, साध्या काचेच्या साधारण दुप्पट मजबूत असते. ती मोठ्या तुकड्यांत फुटते, आणि ते तुकडे एकमेकांना अडवून धरतात.

आपल्या उदाहरणात ६ मिमीच्या दोन हीट स्ट्रेंथन्ड काचा आणि मधे १.५२ मिमीचा पीव्हीबी थर, असं धरू. अंतिम जाडी इंजिनिअरनं ठरवायची. तावदान किती रुंद, किती बाजूंनी टेकलेलं आणि वारा किती, यावर ती ठरते. काम आयएस १६२३१ या इमारतींतल्या काचेच्या भारतीय मानकानुसार हवं, आणि सेफ्टी काचेवर आयएस २५५३ ची खूण असावी, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

उष्णता अडवायला दुहेरी काच, म्हणजे मधे हवेची पोकळी असलेली काच, लावणार असाल तर खालची, घराच्या बाजूची काच लॅमिनेटेड हवी. वरची फुटली तर खालची झेलते. खालची फुटली तर तिला झेलायला कोणी नसतं.

एकेरी टफन काचेला खालून सेफ्टी फिल्म चिकटवून भागवू, असंही सुचवलं जाईल. फिल्म चौकटीच्या आतपर्यंत जात नाही, कडेलाच थांबते. काच फुटली की फिल्मसकट अख्खी चादर खाली येऊ शकते. तो पर्याय नको.

३. सांगाडा: वजनापेक्षा वारा भारी

काचेचं वजन काढणं सोपं आहे. एक चौरस मीटर काचेचं दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. आपली १२ मिमी काच म्हणजे ३० किलो, आणि मधल्या थराचे दीड किलो. छपराचं क्षेत्र साडेनऊ-दहा चौरस मीटर, म्हणजे फक्त काचच तीनशे किलोंच्या घरात जाते.

आता वारा बघा. आयएस ८७५ च्या भाग ३ मध्ये प्रत्येक शहरासाठी मूळ वेग दिला आहे. पुणे आणि नाशिकला सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरला ४४ मीटर. वेगाच्या वर्गाला ०.६ नं गुणलं की न्यूटनमधला दाब मिळतो. पुण्यासाठी तो चौरस मीटरला साधारण ९३ किलो येतो. उंची, आजूबाजूची घरं, छप्पर किती बाजूंनी उघडं आहे यानुसार इंजिनिअर हा आकडा कमी-जास्त करतो. पण एवढ्यावरूनही अंदाज येतो: आपल्या छपरावर वळवाच्या वादळात नऊशे किलोंच्या आसपासचा जोर येऊ शकतो, आणि तो बरेचदा खालून वर उचलणारा असतो.

म्हणजे सांगाड्याला दोन कामं आहेत. काच पेलायची, आणि काचेला उडू द्यायचं नाही. पहिलं काम सगळे करतात, दुसरं बहुतेक विसरतात.

उडण्याविरुद्धची सगळी भिस्त भिंतीतल्या आणि जमिनीतल्या पकडीवर असते. भिंतीकडची आडवी पट्टी आरसीसीच्या बीममध्ये अँकर फास्टनरनं, म्हणजे आत फुलून घट्ट बसणाऱ्या बोल्टनं धरायला हवी. पोकळ विटेत किंवा हलक्या एएसी ब्लॉकमध्ये प्लास्टिकचा प्लग ठोकून स्क्रू मारला, तर तो हातानं ओढून निघणार नाही, पण वादळात निघेल. बीम हव्या त्या उंचीवर नसेल तर भिंतीलगतही खांब उभे करा.

सांगाडा लोखंडी असेल तर कापाकापी आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावर, काच चढण्याआधी रंग पुरा करा. वेल्डिंगची ठिणगी काचेवर उडाली की तिथे बारीक खड्डा पडतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. लोखंडावर ॲल्युमिनियम थेट टेकवू नका. ओल मिळाली की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याला गंज धरतो, म्हणून मधे रबराची किंवा नायलॉनची पट्टी हवी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. समुद्रकिनारी ३१६ दर्जाचे.

४. ढाळ आणि पन्हळ

सपाट काचेवर पाणी साचतं, धूळ बसते, शेवाळ धरतं. कमीत कमी ५ अंशांचा ढाळ हवा. १० अंश असेल तर पावसाचं पाणी बरीचशी धूळ सोबत घेऊन जातं. १० अंश म्हणजे दर मीटरला साडेसतरा सेंटिमीटर उतार. आपल्या २.४ मीटरला तो सुमारे ४२ सेंमी होतो. भिंतीकडे तेवढी उंची मिळते का, वरच्या खिडकीची चौकट आड येते का, हे आधी बघा. नाहीतर ऐन वेळी ढाळावरच काटछाट होते.

पन्हळ छोटी पडणं ही नेहमीची तक्रार. तासाला १०० मिमी पाऊस कोसळला, तर आपल्या छपरावरून तासाभरात ९६० लिटर पाणी येतं. वरच्या गच्चीचं पाणीही याच छपरावर पडत असेल तर तेही धरा. पन्हळीचा पाइप पानं अडकणार नाहीत एवढा मोठा हवा, आणि साफ करायला हात पोचायला हवा.

५. मोजमाप: इथली चूक दुरुस्त होत नाही

टफन किंवा हीट स्ट्रेंथन्ड काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. पाच मिलिमीटर मोठी आली तर ती फुकट गेली. म्हणून काचेची ऑर्डर सांगाडा उभा राहून पक्का झाल्यावरच द्या. ड्रॉइंगवरून आधीच काच मागवली तर आठवडा वाचतो, पण बरेचदा तावदान वाया जातं.

प्रत्येक गाळा, म्हणजे दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा, वेगळा मोजा. रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच गाळा काटकोनात आहे. कर्णांत फरक निघाला तर आधी सांगाडा सरळ करा. काच वाकडी कापून भागवू नका.

लांबी ढाळावरून मोजा. ही चूक चांगले लोकही करतात. जमिनीवर २.४ मीटर असलेलं अंतर १० अंशांच्या ढाळावर सुमारे २.४४ मीटर होतं. जमिनीचं माप देऊन मागवलेली काच जवळजवळ चार सेंटिमीटर आखूड येते. पन्हळीत किती पुढे काढायची तेही त्यात धरा.

फॅब्रिकेटर सुतात बोलतो. ‘दोन सूत कमी धरतो’ म्हणाला तर ते साधारण सहा मिमी झाले. बोलणं सुतात चालेल. ऑर्डरच्या कागदावर सगळे आकडे मिमीतच हवेत. प्रत्येक गाळ्याला नंबर द्या आणि तोच नंबर काचेवर चिकटवायला सांगा.

फट का सोडायची, तेही समजून घ्या. हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांपासून मे महिन्यातल्या तापलेल्या धातूच्या ६० अंशांपर्यंत २.४ मीटरचा ॲल्युमिनियमचा सेक्शन पावणेतीन मिमी वाढतो. काच जेमतेम एक मिमी वाढते. काच धातूला घट्ट भिडलेली असेल तर ती कडेनं चेपते आणि तडकते. प्रत्येक बाजूला काच धातूवर १२-१५ मिमी टेकलेली हवी, आणि तिच्या कडेपासून धातूपर्यंत ५-६ मिमी मोकळे हवेत.

६. काच दारात आली

गाडीतून उतरवण्याआधी कागद आणि काच जुळवा. कोपऱ्यात न पुसता येणारा शिक्का असतो, त्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि मानकाचा क्रमांक बघा. लॅमिनेट आहे का, हे कडेवरून कळतं: दोन काचांच्या मधे पीव्हीबीची बारीक रेघ दिसते.

काच उष्णतेची प्रक्रिया केलेली आहे का, याची एक सोपी खूण आहे. पोलराइज्ड गॉगल घालून सकाळी किंवा संध्याकाळी काच तिरकी धरून बघा. भट्टीतून आलेल्या काचेत हवेच्या झोतांचे फिकट-गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत दिसत नाहीत. यावरून टफन की हीट स्ट्रेंथन्ड ते कळत नाही. त्यासाठी कारखान्याचं प्रमाणपत्र मागा.

प्रत्येक कड डोळ्यांनी बघा आणि हातमोजा घालून चाचपा. काचेचा पृष्ठभाग दणकट असतो, पण कड आणि कोपरा तिचा जीव आहे. कोपऱ्याचा टवका उडालेलं तावदान परत पाठवा. ‘पट्टीखाली झाकला जाईल’ हे खरं आहे, पण तडा तिथूनच सुरू होतो.

काच आडवी रचू नका. लाकडी पट्ट्यांवर उभी, भिंतीकडे किंचित कललेली ठेवा. खाली रबर हवं, आणि दोन तावदानांच्या मधे कागद किंवा बूच. पावसात भिजू देऊ नका. दोन काचांत पाणी अडकून राहिलं की पांढरट डाग पडतो, आणि तो घासूनही जात नाही.

७. कामाच्या दिवशी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम. पावसाळ्यात काच ओली, हात ओले, आणि सिलिकॉन ओल्या जागी धरत नाही. जोराचा वारा सुटला तर काम थांबवा. दीड-दोन चौरस मीटरचं तावदान माणसाला परांचीवरून ढकलायला पुरेसं असतं.

साध्या शिडीवरून काच चढवू नका. दोन्ही बाजूंना पक्की परांची हवी: सपाट फळ्या, कंबरेइतका कठडा, पाय जमिनीवर घट्ट. फळ्या सुटून सरकत नाहीत ना, हे त्यावर उभं राहायच्या आधी बघा. सेफ्टी बेल्टचा हूक इमारतीच्या पक्क्या भागाला अडकवा, आत्ताच उभ्या केलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला नको.

हेल्मेट, जाड तळव्याचे बूट आणि काचेनं न कापले जाणारे हातमोजे प्रत्येकाला हवेत. चपला घालून काच उचलणारी माणसं आपल्याकडे सर्रास दिसतात. त्यांना थांबवणं हे घरमालकाचंही काम आहे. छपराखालची जागा दोरीनं बंद करा, घरातल्या मुलांना आणि कुत्र्याला त्या दिवशी दुसरीकडे ठेवा. चहाचा ट्रे घेऊन खाली जाऊ नका.

८. तावदान चढवणं

आपलं एक तावदान साधारण ६० किलोंचं आहे. ते उचलायला किमान चार माणसं लागतात: दोन खाली, दोन वर. आज्ञा एकानंच द्यायची. चौघांनी आपापल्या मनानं ‘सोड’, ‘धर’ म्हटलं की घात होतो.

काच धरायला सक्शन कप वापरतात, म्हणजे हवा काढून काचेला चिकटणारे रबरी पेले. त्यांच्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. कप लावण्याआधी काच आणि रबर दोन्ही कोरडं, धूळविरहित पुसून घ्या. पंपाच्या कपावर लाल रेघ दिसू लागली की आत हवा शिरू लागली, असं समजा. लगेच खाली टेकवून पुन्हा पंप मारायचा. साध्या खटक्याच्या कपांना अशी खूण नसते, म्हणून ते फक्त आधाराला ठेवा, हात कडेवर असलाच पाहिजे.

काच टेकायच्या पट्ट्यांवर आधी रबराची लांब गॅस्केट, म्हणजे गादीची पट्टी, बसवून ठेवा. ती ताणून बसवू नका. ताणलेलं रबर काही महिन्यांत आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. खालच्या टोकाला काच सरकू नये म्हणून धातूचा अडसर असतो, आणि काच व अडसर यांच्या मधे कडक रबराचे दोन ठोकळे. हे ठोकळे विसरले तर काच धातूवर उभी राहते आणि त्याच कडेनं तडकते.

काच आधी खालच्या टोकाला ठोकळ्यांवर टेकवा, मग सावकाश गादीवर आडवी करा. दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का बघा. हलवायची असेल तर पुन्हा उचला. स्क्रू ड्रायव्हरनं कड ढकलू नका.

मग लगेच वरून दाबपट्टी लावा. पाचही तावदानं मांडून घेऊ आणि पट्ट्या उद्या मारू, ही पद्धत धोक्याची. रात्री वारा सुटला तर सुटी काच उचलली जाते. तावदान ठेवलं की पट्टी, पट्टी घट्ट झाली की पुढचं तावदान, असाच क्रम हवा. पट्टीचे स्क्रू ठरलेल्या अंतरावर आणि एकसारखे घट्ट करा. इम्पॅक्ट मशीन पूर्ण जोरात चालवलं तर गादी चेपून काच धातूला भिडते.

बसलेल्या काचेवर कोणीही उभं राहायचं नाही, अनुभवी मिस्त्रीनंसुद्धा नाही. वर जायचंच असेल तर खालच्या पट्ट्यांवर टेकणारी रुंद फळी टाकून.

९. सिलिकॉन आणि भिंतीचा सांधा

स्वस्त सिलिकॉनची नळी उघडली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते आम्ल सोडतं. त्यानं सिमेंट आणि धातू खराब होतात आणि लॅमिनेटच्या कडेला पीव्हीबी पांढरा पडून सुटायला लागतो. छपराला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लागतं, म्हणजे आम्ल न सोडणारं. नळीवर तसं लिहिलेलं असतं. रिकाम्या नळ्याही बघून घ्या.

सांधा कोरडा आणि स्वच्छ करा. फट खोल असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवा, मग सिलिकॉन भरा. त्यामुळे ते फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि ऊन-थंडीत ताणायला मोकळं राहतं. थर पूर्ण वाळेपर्यंत त्यावर पाणी नको. जाड थराला काही दिवस लागतात.

खालच्या टोकाला चौकटीत पाणी निघायची छोटी भोकं असतात. गॅस्केटच्या आत थोडं पाणी शिरणारच, ते या भोकांतून बाहेर जातं. गळती थांबवायच्या उत्साहात मिस्त्री तीही सिलिकॉननं बुजवून टाकतो. मग आत साचलेलं पाणी घरात उतरतं, आणि लॅमिनेटची कड कायम ओली राहते.

सगळ्यात जास्त गळती होते ती भिंत आणि छपराच्या सांध्याला. प्लास्टरवर नुसता सिलिकॉनचा पट्टा ओढला तर तो एखादा पावसाळा धरतो, मग प्लास्टरसकट सुटतो. योग्य पद्धत अशी: भिंतीत आडवी खाच पाडायची, तिच्यात वाकवलेल्या पत्र्याचं टोक घालायचं आणि पत्रा छपरावर उतरवायचा. यालाच फ्लॅशिंग म्हणतात. भिंतीवरून ओघळणारं पाणी पत्र्यावरून काचेवर येतं, सांध्यात शिरत नाही. खाच पाडायचं काम काच चढण्याआधी उरकून घ्या, म्हणजे दगडी कणी काचेवर उडणार नाही.

१०. पाण्याची चाचणी

शेवटचा हप्ता देण्याआधी पाणी मारून बघा. एक माणूस पाइप घेऊन वर, एक जण टॉर्च घेऊन खाली. खालच्या पन्हळीपासून सुरुवात करा, एकेका सांध्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि हळूहळू भिंतीपर्यंत जा. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. नुसती एक बादली ओतून ‘बघा, गळत नाही’ म्हणणं ही चाचणी नव्हे.

११. उन्हाचं काय?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये साध्या पारदर्शक काचेच्या छपराखाली बसवत नाही. ऊन आत येतं आणि गरम हवा वर अडकून राहते. उष्णता कमी करणारी लेपाची काच घ्या, आणि छपराच्या सगळ्यात उंच भागात गरम हवा निघायला झडपा किंवा जाळीची खिडकी ठेवा. सावली करायचीच तर काचेच्या वर, थोडं अंतर सोडून शेडनेट बांधा. खालून काचेला चिकटून गडद पडदा लावला की काच तापते. अर्धी सावलीत, अर्धी उन्हात राहिली की साधी काच अशा ताणानं तडकतेही. हीट स्ट्रेंथन्ड किंवा टफन काच घेण्यामागे हेही एक कारण आहे.

१२. तडा दिसला तर

लॅमिनेटेड काच फुटली तर ती लगेच पडत नाही, आणि म्हणूनच लोक निर्धास्त राहतात. तसं करू नका. खालची जागा ताबडतोब मोकळी करा, टेबल हलवायलाही आत जाऊ नका. काठीनं ठोकून बघू नका. एकच थर फुटला आहे की दोन्ही, हे फॅब्रिकेटरला ठरवू द्या. झोळ आला असेल तर तो बाजूनं येऊन खालून प्लायचा आधार देईल आणि मग तावदान काढेल. तडा गेलेलं तावदान ‘पाऊस संपला की बदलू’ म्हणून ठेवायचं नाही. फटीतून शिरलेलं पाणी मधला थर सोडवतं.

बदलायचं तावदान लवकर मिळावं म्हणून एक कागद आजच करून ठेवा. त्यावर पाचही गाळ्यांचे नंबर, प्रत्येक काचेची मिमीतली लांबी-रुंदी, काचेची आणि मधल्या थराची जाडी, कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो, सिलिकॉनचं नाव आणि इंजिनिअरचं ड्रॉइंग, एवढं हवं. दर मे महिन्यात, पहिला पाऊस यायच्या आत, पन्हळ साफ करा, पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा, पट्ट्यांचे स्क्रू आणि भिंतीतले बोल्ट तपासून घ्या, गॅस्केट कुठे आकसली आहे का ते बघा. काच धुवायला लांब दांड्याचा ब्रश पुरतो. त्यासाठी छपरावर चढायची गरज नाही.